वारीतील दोन पंगती : इरावतीबाई कर्वे आणि समूहसंबंधांचा अभ्यास
(प्राथमिक शिक्षकांपुढे सोलापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूर जिल्ह्याच्या प्राथमिक शिक्षकाला समाजशास्त्राचा एक अवघड धडा पुस्तक न उघडताच शिकावयास मिळतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत घरी कन्नड बोलणारे मूल शाळेत येते. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरांतून तेलुगू ऐकू येते. उर्दू शाळा आहेत, मराठी शाळा आहेत. करमाळा-माढ्याकडे उजनी धरणाने उठविलेल्या गावांची नवी गावठाणे आहेत. हजेरीपटावर ही सर्व मुले एकाखाली एक ओळीने येतात. मधल्या सुटीत मात्र ती तशी बसत नाहीत. कोण कोणाजवळ बसले आणि कोण कोणापासून दूर राहिले, हे मुलांना कोणी शिकविलेले नसते. तरी त्यांना ते ठाऊक असते.

हे ज्ञान मुलांना कोठून मिळते आणि ते बदलते कसे, हा सामाजिक मानसशास्त्रात अनेक संशोधकांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी जन्मभर केला त्यांत इरावतीबाई कर्वे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या शिक्षणाने मानवशास्त्रज्ञ होत्या, मानसशास्त्रज्ञ नव्हेत. परंतु माणसांचे गट एकमेकांजवळ शतकानुशतके राहूनही एकमेकांचे का होत नाहीत, हाच प्रश्न त्यांच्या संशोधनाच्या मुळाशी होता. शिवाय त्या प्रश्नाचे अत्यंत बोलके उदाहरण त्यांना ज्या वाटेवर सापडले, ती वाट या जिल्ह्यातूनच पंढरपुरास जाते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आल्या व पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., त्यानंतर मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम. ए. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्याच वर्षी त्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेल्या.

बर्लिन येथे त्यांना मार्गदर्शक लाभले ते ऑयगेन फिशर. वंशशास्त्रात त्यांचा तेव्हा मोठा दबदबा होता. पुढे याच मंडळींच्या सिद्धान्तांनी नाझी राजवटीस विद्वत्तेचा आधार पुरविला. गोऱ्या वंशाच्या माणसाच्या कवटीची उजवी व डावी बाजू इतरांच्या मानाने अधिक असमान असते आणि तिचा संबंध बुद्धीशी आहे, अशी फिशर यांची कल्पना होती. ती पडताळून पाहण्याचे काम या पंचविशीच्या आतल्या विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या शंभराहून अधिक कवट्या मोजल्या. असमानता सर्वांतच आढळली. वंशावरून तिच्यात फरक पडतो असे दिसले नाही. गुरूच्या मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात जसाच्या तसा मांडला. परदेशात, परक्या भाषेत आणि पदवी ज्याच्या हाती आहे अशा प्राध्यापकासमोर हे करणे किती कठीण असेल, याची कल्पना शिक्षकांना सांगावयास नको.

येथे सोलापूरकरांनी थोडे थांबून आपल्याच शहराकडे पाहावे. माणसाचा स्वभाव जन्मानेच ठरतो हा समज केवळ बर्लिनच्या प्रयोगशाळेत नव्हता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, आणि त्याच समजापोटी या शहरात काटेरी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिला आजही सेटलमेंट म्हणतात. त्या कुंपणात जन्मलेले तान्हे मूलही सरकारी दप्तरात संशयित होते. कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, तार निघाली, तरी वस्तीचे नाव राहिले. आणि वर्गात पेन्सिल हरवली की कोणाच्या दप्तराकडे प्रथम नजर जाते, हा प्रश्नही राहिला. इरावतीबाईंनी जो समज कवट्या मोजून खोडला, तो प्रत्येक वर्गात नव्याने खोडावा लागतो.

मायदेशी परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या अध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि तेथून पुढे जवळजवळ तीस वर्षे त्यांची भ्रमंती चालू राहिली. मोजपट्टी, रक्तगटाची साधने, वही आणि असंख्य प्रश्न घेऊन त्या कोकणापासून मलबारापर्यंत आणि खानदेशापासून ओरिसापर्यंत हिंडल्या. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. त्यांच्या या मोजमापांतून जो विचार निघाला तो त्यांनी १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या ग्रंथात मांडला. एक मूळ जात होती व तिच्या फुटून पोटजाती झाल्या, असे सामान्यतः मानले जाई. इरावतीबाईंचे म्हणणे उलट होते. महाराष्ट्रातील कुंभारांचे जे वेगवेगळे गट आहेत, ते एका कुंभारजातीचे तुकडे नसून आपापल्यात लग्न करणारे मुळातच निराळे समूह आहेत. धंदा एक म्हणून नाव एक पडले. पुढे कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची तुलना करून त्यांनी १९६८ मध्ये हाच विचार पुढे नेला. ‘ते सगळे सारखेच’ असे एखाद्या जातीविषयी जे सर्रास बोलले जाते, त्याचा पायाच अशा अभ्यासाने डळमळीत होतो.

तथापि मोजपट्टीने समूहांमधील अंतर मोजता येते. ते अंतर जगणाऱ्या माणसास काय वाटते हे कळत नाही. ते त्यांना कळले वारीत.

आषाढीसाठी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते, धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर करीत वाखरीस पोचते. या वाटेवरील अनेक शाळांचे वर्ग त्या दिवसांत वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी मोकळे केले जातात, तेव्हा हे दृश्य येथील शिक्षकांच्या डोळ्यांसमोरचे आहे. इरावतीबाई एका दिंडीबरोबर या वाटेने चालल्या. त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा मराठी लेख लिहिला. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील एका विद्वत्पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर जगभरचे अभ्यासक तो वाचू लागले. ज्या देशाचे लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची एक नवी व्याख्या आपणास सापडल्याचे त्यांनी त्यात सांगितले आहे, आणि ते विधान आजही वारंवार उद्धृत होते. त्याच लेखातील दुसरी गोष्ट मात्र तितकी उद्धृत होत नाही.

त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठे होते. चालणे एकत्र, भजन एकत्र, मुखी अभंग तेच. जेवणाची वेळ झाली की दिंडीचे दोन भाग होत. चूल निराळी, पंगत निराळी. सर्वच स्वच्छ, सर्वच स्नान करून जेवणारे. मग हा दुरावा कशासाठी, या प्रश्नाने त्या रोज अस्वस्थ होत. एके दिवशी त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या. त्यानंतर जो बदल झाला त्याची नोंद त्यांनी संशोधकाच्या काटेकोरपणाने केली आहे : त्या बायका त्यांच्याबरोबर चालू लागल्या, त्यांचा हात हातात घेऊ लागल्या, घरच्या सुखदुःखाच्या गोष्टी सांगू लागल्या. शेवटी शेवटी त्या त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्यास तुमच्या घरी येऊ, असेही कोणी म्हणाले. तेव्हा एका तरुण मुलीने विचारले, की ताई आता जशा वागतात तशाच तेव्हाही वागतील काय?

इरावतीबाईंच्या हे मनाला लागले, आणि ते लागल्याचे त्यांनी लपविले नाही. त्या मुलीने शाळा किती पाहिली होती कोणास ठाऊक. परंतु समूहसंबंधांच्या शास्त्रातील अत्यंत कठीण प्रश्न तिने एका वाक्यात मांडला. वाटेवर निर्माण झालेली जवळीक घरी टिकते काय? एका व्यक्तीशी जडलेला स्नेह तिच्या संपूर्ण समूहापर्यंत पोचतो काय? आणखी एक गोष्ट तिने विचारली नाही, पण विचारावयास हवी. दुसऱ्या पंगतीत जाऊन बसण्याची मोकळीक इरावतीबाईंना होती. उलट दिशेने तितकीच मोकळीक होती काय?

वारी जेथे पोचते तेथेच या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दगडात बांधलेले होते. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, ती बाहेर. अस्पृश्य मानलेल्या भाविकांना शतकानुशतके आत प्रवेश नव्हता. साने गुरुजींनी, जे स्वतः अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, महाराष्ट्रभर दौरा काढून लोकमत जागविले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभिले; दहा दिवसांनी मंदिर सर्वांस खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. भेटीगाठी, सहानुभूती, एकत्र चालणे यांनी जे शतकांत घडले नव्हते, त्यासाठी नियम बदलावा लागला. इरावतीबाईंच्या अभ्यासाची मर्यादाही येथेच दिसते. समूहांमधील वेगळेपण त्यांनी जितक्या बारकाईने टिपले, तितकी त्या समूहांची उतरंड, म्हणजे कोण वर आणि कोणाच्या जिवावर, टिपली नाही असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला आहे, आणि तो रास्त आहे. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्क येथे १९१६ मध्येच मांडले होते. आणि ही नुसती वेगळेपणाची नव्हे तर पायरीपायरीने रचलेल्या विषमतेची व्यवस्था आहे, हे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले. दोघांचे लेखन शेजारी ठेवून वाचले म्हणजे चित्र पुरे होते.

एकत्र जेवण्याने मने जुळतात, असा सरळ निष्कर्ष या प्रसंगातून कोणी काढील. तो काढण्यापूर्वी अमेरिकेतील एक प्रयोग पाहणे उपयुक्त ठरेल. तुर्कस्तानात जन्मलेले मुझफर शेरीफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका रानात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे शिबीर भरविले. मुले एकाच धर्माची, एकाच आर्थिक थरातली, परस्परांस अनोळखी. त्यांचे दोन गट केले. काही दिवस दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. मग त्यांच्यात सामने लावले, आणि जिंकणाऱ्या गटालाच बक्षीस ठेवले. थोड्याच दिवसांत शिवीगाळ झाली, झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. यानंतर शेरीफ यांनी दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविले. परिणाम? मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. मग शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते कोठे अडले हे सर्वांनी मिळून शोधावयाचे होते. खाद्यपदार्थ आणणारी मोटार सुरू होईना, तेव्हा रस्सीखेचीच्या सामन्यात जो दोर दोघांनी परस्परांविरुद्ध ओढला होता, त्याच दोराने सर्वांनी मिळून मोटार ओढली. अशी काही कामे झाल्यावर परतीचा प्रवास मुलांनी एकाच बसमधून केला.

या प्रयोगावर पुढे कडक टीका झाली आहे. मुलांमध्ये तेढ वाढावी म्हणून संशोधकांनी हात घातला होता. त्याआधी १९५३ मध्ये केलेल्या अशाच शिबिरात मुले एकमेकांवर उलटलीच नाहीत, म्हणून तो प्रयोग गुंडाळावा लागला होता. मुलांना वा पालकांना न सांगता असा खेळ करणे आज कोणीही योग्य मानणार नाही. तरी त्यातील दोराची गोष्ट खोटी ठरत नाही. त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात लिहिले, की समूहांची भेट हितकारक होण्यास काही अटी लागतात : भेटणाऱ्यांचा दर्जा भेटीपुरता तरी समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम सहकार्याने व्हावे आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांचा पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी २००६ मध्ये अशा पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. परस्परसंपर्काने पूर्वग्रह साधारणपणे घटतो, आणि या अटी पाळल्या गेल्यास अधिक घटतो, असे त्यांना आढळले.

आपल्याच देशातील एक उदाहरण अधिक जवळचे वाटेल. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरविले. त्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या संघात इतर जातींचे गडी होते, त्यांची त्या जातींतील मित्रांची संख्या वाढली. ज्यांच्या वाट्यास इतर जातींचे गडी प्रतिस्पर्धी म्हणून आले, त्यांचा अनुभव तसा नव्हता. मैदान तेच, चेंडू तोच; फक्त रेघ कोठे ओढली एवढाच फरक. क्रीडामहोत्सवासाठी वस्तीवार वा आळीवार संघ पाडणे सोयीचे असते हे खरे. त्या सोयीची किंमत या सामन्यांवरून कळते.

शाळेच्या हातात यांतील पुष्कळ गोष्टी आहेत. १९९५ मध्ये शालेय पोषण आहाराची योजना आली आणि पुढे शिजवलेले अन्न रोज मिळू लागले, तेव्हापासून वारीत इरावतीबाईंनी जी पंगत पाहिली ती प्रत्येक प्राथमिक शाळेत दुपारी बसते. ती एकच आहे, हे खरे. परंतु तिच्यात वाढणारे कोण, पाण्याचा हंडा भरणारे कोण, ताटे उचलणारे कोण, आणि ही कामे पाळीने फिरतात की ठराविक मुलांकडेच राहतात, यावर ती खरोखर एक आहे की नाही हे अवलंबून असते. पंगत एक आणि झाडू मात्र एकाच वस्तीतल्या मुलींच्या हाती, असे असेल तर ऑलपोर्टची पहिलीच अट मोडली. शिक्षकाचा पाठिंबा ही चौथी अट. ती शब्दांनी पुरी होत नाही. मूल शिक्षक कोणाच्या हातचे पाणी पितात हे पाहते.

या जिल्ह्यातील शिक्षकांना हे काम नवे नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या उपक्रमांत भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा वैर असलेल्या देशांतील मुलांची परस्परांशी गाठ घालून देणारा एक उपक्रम होता. दूरच्या देशातील मुलाशी पडद्यावर मैत्री जुळविणे शक्य झाले. ओढ्यापलीकडील वस्तीतल्या मुलाशी ती जुळविणे कधी कधी अधिक अवघड असते, कारण तेथे मध्ये नुसते अंतर नसते, जुना हिशेब असतो.

इरावतीबाईंनी य. भा. दामले यांच्या सहकार्याने पश्चिम महाराष्ट्रातील तीन खेड्यांची पाहणी केली व ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विषयच खेड्यातील समूहसंबंध हा होता. लोकांना जातीविषयी मते विचारली तर लोक चांगली उत्तरे देतात. म्हणून आपापसांतील व्यवहार पाहावयाचा : जेवणखाण, येणेजाणे, अडीअडचणीतील मदत, घरांची जागा. आयुष्याच्या अखेरीस कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची पाहणीही त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. सामान्य वाचक त्यांना ‘युगान्त’साठी ओळखतो, आणि ते साहजिक आहे. पण खेड्याची वही घेऊन घरोघर फिरणाऱ्या इरावतीबाई शिक्षकाच्या अधिक उपयोगाच्या आहेत.

त्यांची ही रीत वर्गात वापरता येते. अध्यापक विद्यालयात समाजमिती या नावाने ती शिकविलेली असते आणि परीक्षेनंतर बहुधा विसरली जाते. तिसरी-चौथीच्या मुलांना एकेका चिठ्ठीवर तीन नावे लिहावयास सांगावीत : सहलीला गाडीत कोणाशेजारी बसावयास आवडेल. नावडत्याचे नाव विचारू नये. त्याने नवी जखम होते. चिठ्ठ्या घरी नेऊन एका मोठ्या कागदावर प्रत्येक मुलासाठी एक टिंब काढावे व निवडीचे बाण ओढावेत. कोणत्या टिंबाकडे एकही बाण येत नाही, आणि बाणांचे पुंजके भाषेप्रमाणे, आळीप्रमाणे वा जातीप्रमाणे पडले आहेत काय, हे अर्ध्या तासात दिसते. हा कागद वर्गात लावावयाचा नाही, मुलांपुढे वाचावयाचा नाही, पालकसभेत तर मुळीच दाखवावयाचा नाही. त्यावरून बाकांची जागा, प्रकल्पाचे गट आणि पाण्याच्या हंड्याची पाळी बदलावी, आणि तोच प्रश्न दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा विचारून दुसरा कागद पहिल्याशेजारी ठेवावा.